यादी शेवटच्या नावापर्यंत वाचा

अनुदानाची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली की तिच्यापुढं तासभर गर्दी होते. जो तो आपलं नाव शोधतो. सापडलं तर आधार कार्ड घेऊन सेतू केंद्राकडं पळतो, नाही सापडलं तर तलाठ्याच्या नावानं बोटं मोडत घरी जातो. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी यादी वाचणारा गावात एखादाच असतो, आणि त्यालाही ‘याला दुसरा उद्योग नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं. सातारा आणि सांगलीच्या शेतकऱ्यांनी हा उद्योग मनावर घ्यावा, म्हणून हा लेख. यादी कुठं मिळते, कशी वाचायची, मिळाली नाही तर कुणाकडं मागायची आणि मागताना कुठं थांबायचं, ते सांगतो.

आपल्या दोन जिल्ह्यांत याद्यांना तोटा नाही. पश्चिमेला पाटण, शिराळा अतिवृष्टीचे, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत टंचाईचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि वारणेच्या पुरानं पलूस, वाळवा, मिरजेकडची पिकं बुडाली, तेव्हा माणदेशात टँकर चालूच होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. अशा प्रत्येक संकटानंतर पंचनामे होतात आणि यादी तयार होते. त्याशिवाय पीएम-किसान आहे, राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी आहे, ठिबक, ट्रॅक्टर, सौर पंप आहेत, मधूनमधून कर्जमाफी असते. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान मिळालं, त्याचीही यादी होतीच. फक्त ती दूध संघांमार्फत वर गेली आणि गावात कुणाला दिसली नाही.

यादी न वाचल्यानं काय होतं ते जालना जिल्ह्यात दिसलं. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टी आणि गारपिटीच्या मदतीची चौकशी झाली. जमीन नसलेल्यांची नावं, एकाच माणसाला दोनदा रक्कम, सातबाऱ्यापेक्षा जास्त क्षेत्र, असे प्रकार तीत आढळले. तलाठी आणि लिपिक निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. याद्या संगणकावर होत्या आणि पैसे थेट खात्यात जात होते, तरीही हे घडलं. संगणकाला आधार क्रमांक बरोबर आहे का एवढं कळतं. अमक्याची जमीन दहा वर्षांपूर्वीच विकली गेली आहे, तमक्याचा गट म्हणजे गावचं गायरान आहे आणि फलाण्याच्या शिवारात त्या वर्षी पाणी शिरलंच नव्हतं, हे त्याला कळत नाही. गावातल्या कुणालाही ते एका नजरेत कळतं.

उलटी बाजूही आहे. केंद्राच्या २००८ च्या कर्जमाफीची कॅगनं तपासणी केली आणि अहवाल २०१३ मध्ये आला. तपासलेल्या ९०,५७६ प्रकरणांपैकी २२.३२ टक्के प्रकरणांत चुका निघाल्या. त्यात अपात्रांना दिलेला लाभ होता, तसेच पात्र असून वगळले गेलेले शेतकरीही होते. यादी वाचणं म्हणजे शेजाऱ्याची चोरी पकडणं, असा समज घेऊन कुणी बसू नये. जिचं नाव राहून गेलं आणि जिला ते कळलंही नाही, अशी वाडीवरची विधवा शोधण्यासाठीही यादी वाचायची असते.

आता एकेक यादी कुठं सापडते ते पाहू.

पीएम-किसानची यादी सगळ्यात सोपी. योजनेच्या संकेतस्थळावर ‘बेनिफिशिअरी लिस्ट’वर जा, राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडा, गावातली नावं समोर येतात. त्यासाठी लॉगिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. स्वतःचा हप्ता का अडला हे मात्र ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक टाकूनच कळतं, आणि ते दुसऱ्याचं पाहता येत नाही. हा भेद मला योग्य वाटतो. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असावी लागते. त्यानंतर वारसानं आलेली चालते, खरेदीची चालत नाही. पती, पत्नी आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरलं जातं, त्यामुळं नवरा-बायको दोघांच्या नावानं हप्ता घेणं नियमात बसत नाही. आयकर भरणारे, सरकारी नोकरदार (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर हे अपात्र. २०२१ च्या सुरुवातीला माहिती अधिकारातूनच उघड झालं की देशभरात २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. तुमच्या घरात कुणी असं असेल तर नोटीस येण्याआधी तहसीलमध्ये जाऊन पैसे परत करून पावती घ्या. व्याजाची भीती घालून मध्यस्थी करणारे भेटतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

खानापूर, आटपाडी, तासगाव भागातल्या गलाई व्यावसायिक घरांना आणि माथाडी कामासाठी मुंबईत गेलेल्या सातारकरांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. सातबारा गावाकडं, माणूस कोइमतूरला किंवा मशीद बंदरला, आधारला जोडलेला मोबाइल तिसऱ्याच कुणाच्या हातात. यादीत नाव असतं, केवायसी होत नाही आणि पैसे परत जातात. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना अ‍ॅग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. गावी यात्रेला याल तेव्हा आधी तो क्रमांक काढून घ्या आणि त्यात तुमचे सगळे गट जोडले गेलेत का ते तपासा. सामाईक खात्यात एक गट सुटला तर त्या गटाची नुकसानभरपाईही सुटते.

ठिबक, तुषार, अवजारं, ट्रॅक्टर हे सगळं महाडीबीटीवर. इथं आधी सोडत निघायची, २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आलं. त्यामुळं यादी वाचण्याची रीतही बदलली. सोडतीत नशिबाचा भाग होता, आता क्रम आहे, आणि क्रम तपासता येतो. तुमच्या अर्जाची तारीख आधीची आणि मंजुरी नंतरच्याला, असं दिसलं तर आधी प्रवर्ग बघा, कारण अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पभूधारक यांचे हिस्से वेगळे असतात. एकाच प्रवर्गात क्रम उलटा असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी विचारा. निधी कुणाला वितरित झाला, त्याची गावनिहाय यादीही या पोर्टलवर देण्यात आली आहे. ती उघडून पाहणारे शेतकरी मला फार थोडे भेटले. ठिबकला अल्प आणि अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याच्या योजनेतून २५ असे ८० टक्के, इतरांना ४५ आणि ३० असे ७५ टक्के मिळतात. हे टक्के शासनानं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. ‘ऐंशी टक्के म्हणाले होते, हातात साठच आले’ ही तक्रार बहुतेक वेळा इथंच संपते. आणि पूर्वसंमती येण्याआधी बिल फाडू नका. त्या एका चुकीनं किती अर्ज बाद होतात याला सुमार नाही.

अतिवृष्टीच्या मदतीची यादी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी टिकणारी. ती विशिष्ट क्रमांकासह फळ्यावर लागते, पावसात भिजते, आठवड्यात नाहीशी होते. लागली त्या दिवशी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. वाचताना तीन कागद शेजारी ठेवा: यादी, सातबारा आणि त्या मदतीचा शासन निर्णय. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि त्यात हेक्टरी दर आणि किती हेक्टरपर्यंत मदत, हे दोन्ही लिहिलेलं असतं. आपत्ती निवारण निधीचा मूळ दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत; नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं. राज्य सरकार कधी दर वाढवतं, कधी हेक्टरची मर्यादा तीनवर नेतं, म्हणून त्याच वर्षाचा निर्णय हाताशी हवा. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारानं आपली बाग ‘बागायत’ लिहिली आहे की ‘बहुवार्षिक’, हे आधी पाहावं. दर बदलतो. ई-पीक पाहणीत बाग नोंदवलेलीच नसेल तर भांडायला आधार उरत नाही.

मग वाचायचं काय? एकच नाव दोन क्रमांकांवर आहे का. बाधित क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा मोठं आहे का. गट क्रमांक गायरानाचा, देवस्थानाचा, वनखात्याचा आहे का. मयताचं नाव चालू आहे का. असेल तर बऱ्याचदा लबाडी नसते, वारसनोंद अडकलेली असते, आणि त्या घराला मदतीची गरज असते. शेवटी सगळ्या गावाचं बाधित क्षेत्र बेरजेत धरून पाहा. ते गावच्या लागवडीखालच्या क्षेत्रापेक्षा जास्त भरलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही. कॉलेजात जाणारी पोरं हे काम एका रात्रीत एक्सेलमध्ये करतात, त्यांना द्या.

यादी फळ्यावर आलीच नाही तर? आधी ग्रामसभा. २०१७ च्या कर्जमाफीवेळी अर्जांचं गावोगाव चावडी वाचन ठेवलं होतं. तीच मागणी अनुदानाच्या यादीसाठी करता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांना बहुतेक लोक झेंडावंदन करून घरी जातात. त्याआधीच लेखी विषय द्या आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते बघा. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. पदनाम वाढलं, तशी यादी वाचून दाखवायची जबाबदारीही वाढली असं गोड शब्दांत सांगता येतं.

तिथं भागलं नाही तर माहिती अधिकार. २००५ च्या या कायद्यातलं कलम ४ कार्यालयांनी न मागता काय प्रसिद्ध करायचं ते सांगतं. कचेऱ्यांमध्ये त्याला ‘१७ बाबी’ म्हणतात. त्यातली बारावी बाब सरळ आपल्याबद्दल आहे: अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम दिली आणि लाभार्थ्यांचा तपशील. म्हणजे अनुदानाची यादी ही मागून घ्यायची गोष्ट नाही, ती कार्यालयानं स्वतःहून मांडून ठेवायची आहे. अर्जात हे आवर्जून लिहा.

पण एक बदल लक्षात घ्यायला हवा. या कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीला संरक्षण होतं, आणि त्याला अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होत असेल, तरच नकार. विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही त्यात होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं या अटी काढल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोनच शब्द उरले आहेत. ते शब्द दाखवून यादी नाकारणारं पत्र तुम्हाला कधी ना कधी येईल. त्याला उत्तर आहे. कलम ४ मधली बारावी बाब तशीच आहे, तिला हात लागलेला नाही. व्यापक जनहित असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, हे सांगणारं कलम ८(२) शाबूत आहे. आणि कलम १० प्रमाणे कागदातला द्यायचा भाग वेगळा काढून देता येतो, सगळा कागद दडवता येत नाही.

हाच वाद युरोपात आधी होऊन गेला. शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं आणि रकमा संकेतस्थळावर टाकायचा नियम युरोपीय संघानं केला होता. जर्मनीतले दोन लाभार्थी त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि ९ नोव्हेंबर २०१० ला युरोपीय न्यायालयानं व्यक्तींची नावं अशी सरसकट छापणं रद्द केलं. मग २०१३ मध्ये नवा नियम आला: नावं छापायची, पण वर्षाला १,२५० युरोपेक्षा जास्त न घेणाऱ्या छोट्यांची सोडून. त्यांची रक्कम दिसते, नाव दिसत नाही. हा मधला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, कारण जितकं मोठं अनुदान तितका मोठा उजेड. आपल्याकडं उलट चाललं आहे. दोन हजारांचा हप्ता घेणाऱ्याचं नाव कुणालाही मोबाइलवर दिसतं आणि पारावरची सगळी चर्चाही त्यावरच. शीतगृहं, प्रक्रिया उद्योग यांना मिळणारं भांडवली अनुदान कितीतरी मोठं असतं, त्याची यादी कुणी मागत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पाण्याच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकरी. हेही अनुदानच, पण कुठल्या भागातल्या किती क्षेत्राला किती गेलं, हे विचारणारा क्वचितच भेटतो. यादी मागायचीच तर वरच्या टोकापासून सुरुवात करा.

अर्ज कसा लिहायचा? महाराष्ट्रात तो ‘जोडपत्र अ’ नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. मजकूर असा चालेल:

“मौजे ____, ता. ____ येथील (महिना, वर्ष) मधील अतिवृष्टीच्या नुकसानीपोटी मंजूर झालेल्या मदतीची अंतिम यादी: खातेदाराचे नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, मंजूर रक्कम व वाटपाचा दिनांक. सदर माहिती कलम ४(१)(ख)(बारा) नुसार स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. आधार, बँक खाते व मोबाइल क्रमांक वगळून प्रत द्यावी. पंचनाम्यांच्या कागदपत्रांचे अवलोकन करू द्यावे.”

आधार आणि खाते क्रमांक वगळा, हे आपणच लिहिलं की नकाराचं सगळ्यात सोपं कारण निघून जातं. शिवाय ते योग्यही आहे. शेजाऱ्याला किती मदत मिळाली हे गावानं पाहावं. त्याचा खाते क्रमांक पाहायचं कुणालाच कारण नाही. ‘गेल्या वीस वर्षांतील सर्व योजनांचे सर्व लाभार्थी’ असं मागू नका. एक गाव, एक योजना, एक हंगाम. प्रती घेण्याआधी अवलोकन मागा; पहिल्या तासाला शुल्क नाही आणि नेमका कुठला कागद हवा ते कळतं. २०१८ च्या शासन निर्णयानं तर जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहण्याची सोय सांगितली आहे. त्या निर्णयाची प्रत खिशात घेऊन जा.

अर्ज कुठं द्यायचा हा घोळ नेहमीचा. आपत्तीच्या मदतीसाठी तहसील कार्यालय, महाडीबीटीसाठी तालुका कृषी अधिकारी, जिल्हा परिषदेच्या योजनांसाठी पंचायत समिती. कर्जमाफीसाठी तालुक्याचे सहायक निबंधक. विकास सोसायटी थेट माहिती अधिकारात येत नाही असं ती सांगेल, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ते बहुतेक वेळा बरोबर असतं. पण निबंधकाला सोसायटीकडून जी माहिती कायद्यानं मिळू शकते, ती निबंधकाकडं मागता येते. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

यादी हातात आली की भाऊबंदकीची परीक्षा सुरू होते. बांधावरून कोर्टात गेलेली चुलतभावंडं यादीत पहिलं नाव कुणाचं शोधतात, ते सांगायला नको. म्हणून हे काम एकट्यानं करू नका. चार वाड्यांतले चार जण, त्यात दोन बायका, एकत्र बसून वाचा. संशयित नावं व्हॉट्सअ‍ॅपच्या गावगटावर टाकू नका. चूक निघाली तर बदनामीचा दावा तुमच्यावर येतो, आणि बऱ्याच वेळा एकाच नावाचे दोन शेतकरी निघतात. आधी त्या माणसाला विचारा, मग तलाठ्याला दाखवा, मग तहसीलदारांना गट क्रमांकानिशी लेखी द्या. तक्रारीत ‘भ्रष्टाचार’ हा शब्द नको, फक्त नोंद क्रमांक, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि यादीतलं क्षेत्र यांतला फरक द्या. तेवढं पुरतं. अनुदान काढून देण्यासाठी कुणी थेट पैसे मागितले तर ते वेगळं प्रकरण: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक.

तहसीलमध्ये दाद लागली नाही तर तिसऱ्या सोमवारचा तालुका लोकशाही दिन आणि पहिल्या सोमवारचा जिल्ह्याचा. माहिती अर्जाला ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत ‘जोडपत्र ब’मध्ये पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं. या सुनावणीला स्वतः जा. निम्म्या याद्या तिथंच टेबलावर येतात. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील, पण तिथली रांग मोठी असते आणि तोवर पुढचा पावसाळा येतो. म्हणून अपील चालू ठेवा आणि दरम्यान पुढच्या यादीचे फोटो काढायला विसरू नका.